एका ओळीचं काम

आपल्याकडे काही वाक्ये अशी आहेत की ती कानावर पडताच शहाण्या माणसाने चपला पायात घालाव्यात. 'जामीन म्हणून नुसती सही करायची आहे' हे पहिले. 'पाहुणे येतील, पण जेवणार नाहीत' हे दुसरे. 'तुमच्या जाण्याच्या वाटेवरच आहे' हे तिसरे. अलीकडे या मालिकेत चौथ्याची भर पडली आहे. 'अहो काका, एका ओळीचं काम आहे!' पहिल्या तिन्हींपायी माझे जे नुकसान झाले ते मी केव्हाच बुडीत खाती टाकले. चौथ्याचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही, म्हणून हे भांडण जाहीरपणे मांडतो आहे.

आधी भांडणाऱ्याची ओळख. मी बी.कॉम., दुसरा वर्ग. गेली वीसेक वर्षे एका बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. एके दिवशी वरच्या कुणीतरी सगळ्या कागदांवरचा 'क्लार्क' शोधला आणि त्या जागी 'असोसिएट' घातला. पगाराच्या आकड्यात तो शब्द नसल्यामुळे तिथे काही बदलले नाही. तेव्हा शब्द शोधून बदलण्याच्या या विद्येचा मी पहिल्यापासूनचा लाभार्थी आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

तर २०२४ साली अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलावे की नाही, यावर माझे मत असलेच तर ते मतदानाच्या दिवशी पडद्याआड. ज्या जिल्ह्यातल्या चौंडीला अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला त्याला त्यांचे नाव मिळाले, यात मी काय बोलणार? माझे भांडण नावाशी नाही, बदलण्याच्या रीतीशी आहे. नाव सरकार बदलते. पण सरकार एकदाच बदलते, आणि कारकून चौदाशे बारा वेळा बदलतो.

चौदाशे बारा हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमच्या पत्रव्यवहार विभागाच्या यंत्रावर तेवढ्या साध्या मजकुराच्या फायली होत्या. थकबाकीच्या नोटिसा, लॉकरच्या भाड्याची स्मरणपत्रे, केवायसीची पत्रे, पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याची आठवण. परिपत्रक आले की यापुढे सर्व पत्रांत नवे नाव वापरण्यात यावे. आमच्या हेडक्लार्क अण्णांनी बाह्या सरसावल्या. फाईल उघडायची, शब्द शोधायचा, बदलायचा, फाईल जतन करून मिटायची. पहिल्या दिवशी बासष्ट फायली झाल्या. सकाळी अकराला अण्णांची नजर घारीसारखी होती. दुपारी चारला त्यांनी एका खातेदाराला 'प्रिय अहिल्यानगर' अशी सुरुवात केली. मी त्रैराशिक मांडले, तेवीस दिवस. म्हणून हेड ऑफिसच्या संगणक विभागातल्या पोराला फोन लावला.

"काका, एका ओळीचं काम आहे," तो म्हणाला. इथेच मी चपला घालायला हव्या होत्या. "टर्मिनल उघडा."

टर्मिनल म्हटले की मला आगगाडीच आठवते.

"ती काळी खिडकी हो!"

"उघडली. पण आत काहीच नाही."

"आत काही नसतंच. आता सांगतो तसं लिहा. ग्रेप."

"नाशिकची?"

"वजा आर एल. ग्रेप शोधतो. आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरून शोध. एल म्हणजे ओळी दाखवू नकोस, नुसती फायलींची नावं सांग. मग जुनं नाव लिहा, फोल्डर म्हणून एक टिंब द्या, मग उभी रेघ."

"म्हणजे दंड? श्लोकाच्या शेवटी असतो तो?"

"हो, पण इथे संपत नाही, पुढे चालतं. डावीकडच्यानं शोधलेलं उजवीकडच्याच्या हातात द्यायचं. मग एक्सआर्ग्ज. तो हमाल. नावांची पाटी उचलून पुढच्याला देतो. पुढचा सेड, वजा आय. मग एकेरी अवतरण, एस, तिरकी रेघ, जुनं नाव, तिरकी रेघ, नवं नाव, तिरकी रेघ, जी, अवतरण पुरं."

"जी कशाला? आदरार्थी?"

"जी म्हणजे ग्लोबल."

"जगभर?"

"नाही हो, ओळीभर. जी घातला नाही तर प्रत्येक ओळीतला पहिलाच शब्द बदलतो."

एका ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्याला जे लोक 'ग्लोबल' म्हणतात, त्यांच्या 'एका ओळीच्या कामा'ची व्याप्ती केवढी असेल, हा विचार मला तेव्हाच सुचायला हवा होता. पण मी एन्टर मारले. काहीही झाले नाही. काम झाले तर बोलायचे नाही, हा काळ्या खिडकीचा शिष्टाचार. काम बिघडले तरी बोलायचे नाही, हाही तिचाच शिष्टाचार, हे पुढे कळले. मी पाच फायली उघडून पाहिल्या. पाचही ठिकाणी नवे नाव ठणठणीत बसले होते. तेवीस दिवसांचे काम दोन सेकंदांत! अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत लावलाच नाही. मी त्या दुपारी कँटीनमध्ये चहाचे पैसे दिले, यावरून माझी मनःस्थिती ध्यानात यावी.

नाश इथून सुरू झाला. चार वाजता मॅनेजर मॅडम एक पत्र घेऊन आल्या. "यात 'मु. पो. ता. जि. नगर' असं राहिलंय. हेही घ्या ना बदलून." खरेच होते. पूर्ण नाव पाटीवर. बोलताना आणि पत्त्यात सगळे 'नगर'च. आता यासाठी पोराला पुन्हा फोन कशाला करायचा? वरचा बाण दाबला की मागची ओळ जशीच्या तशी परत येते, हे त्याने शिकवलेच होते. दोन्ही ठिकाणी 'नगर' केले, नवे नाव तेच ठेवले, आणि दोन सेकंदांपूर्वीच्या अनुभवी माणसाच्या रुबाबात एन्टर मारले.

वाचकहो, महाराष्ट्रात 'नगर' कुठे कुठे असते याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? मी केला नव्हता. सेडने केला. गणेशनगरचे 'गणेशअहिल्यानगर' झाले. उल्हासनगरचे 'उल्हासअहिल्यानगर' झाले. नगरपालिकेची 'अहिल्यानगरपालिका', महानगराचे 'महाअहिल्यानगर'. एका खातेदाराची काश्मीरची सहल आम्ही 'श्रीअहिल्यानगर'ला नेली. आणि ज्या जिल्ह्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचे नाव पहिल्या फेरीत आधीच बदललेले असल्यामुळे तो झाला 'अहिल्याअहिल्यानगर'. शेजारच्या जिल्ह्याचे काय झाले ते मी इथे लिहीतच नाही. त्याचे नवे नावही 'नगर'वर संपते, आणि माझी नोकरी अजून बरीच शिल्लक आहे. नशीब एवढेच की खात्रीसाठी मी पुन्हा एकदा एन्टर मारले नाही. नव्या नावाच्या पोटात जुने नाव असले की प्रत्येक एन्टरला एक 'अहिल्या' वाढते. बँकेच्या भाषेत, एकच व्हाउचर हवे तितक्या वेळा जमा.

पाच वाजता त्या दिवसाची तीनशे चाळीस पत्रे छापून, पाकिटांत घालून टपालात गेली. मी ती वाचली नाहीत. सेडवर माझा विश्वास होता आणि घड्याळाकडे माझे लक्ष होते.

तिसऱ्या दिवसापासून उत्तरे येऊ लागली. सातारकडच्या एका माजी नगरसेवकांचा फोन आला. त्यांना आम्ही 'माननीय माजी अहिल्यानगरसेवक' केले होते. आमची कीर्ती तिकडेही पोहोचली का, असे ते विचारत होते. मला वाटले, यात हसून विषय संपेल. मग एके दिवशी सकाळी काउंटरपाशी एक आजोबा येऊन उभे राहिले. वय एक्क्याऐंशी, धोतर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आमचे पत्र. हयातीचा दाखला द्यावा, असे पत्र होते. वर लिहिले होते, 'श्री. अहिल्यानगरकर यांस'.

आजोबांचे आडनाव नगरकर.

"साहेब," ते म्हणाले, "जिल्ह्याचं नाव बदललं ते पेपरात वाचलं होतं. आडनावाचं वाचायचं राहिलं बहुतेक. आधार केंद्रावर दोन दिवस जाऊन आलो. ते म्हणतात गॅझेट आणा. गॅझेट कुठं मिळतं? आणि मुलाचंही बदलून घ्यायचं का? तो नोकरीला परगावी असतो, त्याला रजा काढावी लागेल."

ते चिडले असते तर बरे झाले असते. चिडलेल्या ग्राहकाला शांत कसे करावे, याचे आम्हाला तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळालेले आहे. आपल्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्या ग्राहकाचे काय करावे, हे कुठल्याच परिपत्रकात नाही. एक्क्याऐंशी वर्षे जे आडनाव वापरले ते बँकेच्या एका पत्रावरून त्यांनी सोडून द्यायची तयारी केली होती. वाद नाही, शंका नाही. फक्त गॅझेट कुठे मिळते एवढाच प्रश्न. मुख्य खात्यात त्यांचे नाव शाबूत होते. चूक पत्रातली होती. पण माणसाच्या घरी खाते जात नाही, पत्र जाते.

त्या दिवसापासून मी या 'एका ओळी'च्या पंथाविरुद्ध उभा आहे. गुन्हा माझा होता, हे मान्य. पण सुरी कुणाच्या हातात द्यावी याला जसे तारतम्य आहे, तसे सुरीला मूठ असावी याचाही काही नियम आहे. माझी तक्रार त्या मुठीबद्दल आहे.

मी थोडे वाचन केले. मूळ मंडळी आमच्यासारखीच सावध होती, हे पाहून मला गहिवरून आले. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्ज नावाची प्रयोगशाळा. तिथे केन टॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी आधी 'ईडी' नावाचा संपादक लिहिला. त्यात 'सगळीकडे शोध, नमुना असा, आणि छापून दाखव' अशी एक आज्ञा होती. तिचीच आद्याक्षरे जोडून १९७३ साली ग्रेप वेगळा झाला. ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेली हकीकत अशी, की लॅबमधले ली मॅकमॅहन 'फेडरलिस्ट पेपर्स' या अठराव्या शतकातल्या लेखमालेतला कुठला लेख कुणाचा, याचा छडा लावत होते. तेवढा मजकूर ईडीच्या पोटात मावेना, म्हणून ग्रेप हवा होता. म्हणजे बघा, ग्रेप जन्मला तो एका अक्षरालाही धक्का न लावता नुसते पाहण्यासाठी. लेखकाचे नाव बदलायला नव्हे, शोधायला!

पुढे त्याच मॅकमॅहन यांनी सेड लिहिला. आणि हा मुद्दा मी बँकेतल्या प्रत्येक माणसाने भिंतीवर लावावा असा सांगतो: मूळच्या सेडला फाईल खोडण्याची सवय नव्हती. तो एकीकडून मजकूर घ्यायचा, बदलायचा आणि बदललेली प्रत दुसरीकडे काढून द्यायचा. मूळ कागद जागच्या जागी. आमच्या जुन्या खातेवहीचा नियम नेमका हाच. आकडा चुकला तर खोडरबर नाही, ब्लेड नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चुकलेला आकडा रेघेखालून वाचता आला पाहिजे, नाहीतर ऑडिटर तुम्हाला वाचतो. 'जागेवरच बदल' करणारा तो वजा आय नंतर आला. १९८७ साली लॅरी वॉल यांनी पर्ल आणली तिच्यात ही सोय होती, आणि पुढे सेडमध्येही ती शिरली. खोडरबर टेबलावर आले ते असे.

तेही बिचारे मूठ लावूनच आले होते. वजा आयच्या पाठीला चिकटवून '.बॅक' एवढे लिहिले तर प्रत्येक फाईलची जुनी प्रत बाजूला राहते. मॅकवरच्या सेडला तर जुनी प्रत कोणत्या शेपटीने ठेवू हे सांगावेच लागते. नको असेल तर रिकामे अवतरण देऊन 'नको' असे कबूल करावे लागते. याला मी सही म्हणतो. आमच्या पोराने मला ही चार अक्षरे सांगितली नाहीत. का? तर ओळ लांब झाली असती.

आता पंथाचे वकील उठतात. म्हणतात, "काका, तुम्ही शब्दाची सीमा लावायला हवी होती. आधी आणि मागे खूण केली की पूर्ण शब्दच बदलतो, पोटातला नाही." वा! ही युक्ती ज्या भाषेत 'टू नगर', 'फ्रॉम नगर' असे सुटे लिहितात तिथली. आपण नगरला जातो, नगरहून येतो, नगरात राहतो आणि नगरच्या माणसाशी भांडतो. आमचे प्रत्यय शब्दाला चिकटलेले. सीमा लावली तर 'नगरला' बदलत नाही. सीमा काढली तर 'नगरसेवक' बदलतो. 'नगरला'मधले नगर गाव आहे आणि 'नगरसेवक'मधले नाही, हे कोणतीही खूण सांगू शकत नाही. ते सांगायला मराठी येणारा माणूस लागतो. आणि 'नगर वाचनालया'त तर शब्द सुटाही आहे आणि गावही नाही!

आणि हे फक्त आमच्याच कपाळी आहे असेही नाही. याहूच्या ईमेलमध्ये २००२च्या सुमारास सुरक्षेसाठी काही शब्द आपोआप बदलले जात. 'इव्हॅल' ही संगणकाची एक धोकादायक आज्ञा. तिच्या जागी 'रिव्ह्यू'. आता मध्ययुगीन या अर्थाच्या 'मीडिव्हल'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटची चार अक्षरे नेमकी तीच. तेव्हा विद्वानांच्या पत्रांत सगळे मध्ययुग 'मेडिरिव्ह्यू' झाले, आणि तो शब्द खरा समजून पुढे वापरलाही गेला. २००८ साली अमेरिकेतल्या एका वृत्तस्थळाने 'गे' हा शब्द दिसला की आपोआप 'होमोसेक्शुअल' करण्याची व्यवस्था केली होती. त्याच सुमारास टायसन गे या धावपटूने ऑलिंपिकच्या निवड स्पर्धेत शर्यत जिंकली, आणि बातमीत त्या बिचाऱ्याचे आडनाव बदलून आले. आमच्या नगरकर आजोबांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "त्यालाही गॅझेट मागितलं का हो?"

इथे अण्णांचा पक्ष टाळ्या वाजवील. थांबा अण्णा, तुमचाही हिशेब करायचा आहे. हाताने एकेक फाईल उघडून बदलणे म्हणजे सावधपणा, हाही एक गोड गैरसमज. माणूस बासष्टाव्या फायलीला झोपतो, आणि झोपेत केलेली चूक एकसारखी नसल्यामुळे सापडतही नाही. माझी चूक चौदाशे ठिकाणी सारखी होती म्हणून दिसली. अण्णांचे 'प्रिय अहिल्यानगर' मात्र कुणाच्या घरी गेले ते अद्याप कळलेले नाही. शिवाय माउसने केलेल्या कामाला व्हाउचर नसते. कुठे टिचकी मारली, कुठे मारायची राहिली, काही पुरावा नाही. काळ्या खिडकीतली ओळ लेखी आज्ञा असते. ती वाचता येते, दुसऱ्याला दाखवता येते, जपून ठेवता येते. माझा गुन्हा पोराने दोन मिनिटांत शोधला, कारण तो माझ्याच अक्षरांत जसाच्या तसा तिथे होता. म्हणून मी आज्ञेच्या ओळीविरुद्ध नाही. ती न वाचता एन्टर मारण्याविरुद्ध आहे.

आणि अर्धवट बदलाचे दुःख तर त्याहून जुने आहे. माझ्या आईचे नाव लग्नात बदलले. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, सगळ्यांनी पेढे खाल्ले. शाळेच्या दाखल्यावर जुने नाव राहिले, माहेरच्या शेताच्या कागदावर जुने राहिले, रेशनकार्डावर नवे आले. त्या तांदळापाशी कुणी ग्रेप केले नव्हते. वडील गेल्यावर 'या दोन्ही नावांची बाई एकच आहे' असे प्रतिज्ञापत्र आईला सत्तराव्या वर्षी करावे लागले. खिडकीपलीकडचा कारकून नियमाने बरोबर होता; त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच मागितले असते. पण घरी येताना रिक्षात आई एवढेच म्हणाली, "माझं मला माहीत होतं रे." नगरकर आजोबांना तेवढेही म्हणता आले नाही. आमच्या पत्राने त्यांचे त्यांना माहीत असलेलेही काढून घेतले.

संगणकातही हा अर्धवटपणा आहे बरे का. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. दिसायला जुळे भाऊ, आत संकेत निराळे. तुम्ही एक शोधलात तर दुसरा हाक ऐकत नाही, आणि तुम्ही छातीठोकपणे सांगता की सगळे बदलले. काही जुन्या फाँटांतली मराठी तर फक्त वरून मराठी; आत पाहाल तर इंग्रजी अक्षरांची रांग. ग्रेप तिथे मराठी शोधायला जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. फायलीच्या नावात मोकळी जागा असली तर आणखी मजा. 'नोटीस अंतिम' ही एक फाईल आहे हे आमच्या हमाल एक्सआर्ग्जला मुद्दाम सांगितल्याशिवाय कळत नाही. तो 'नोटीस' आणि 'अंतिम' अशा दोन फायली शोधत फिरतो.

मग करायचे काय? घाण मी केली होती, निस्तरणेही माझ्याकडेच आले. पहिल्यांदा मला बँकेची उलट नोंद सुचली. नवे नाव शोधून जागी 'नगर' घालायचे. त्याच संध्याकाळी केले असते तर जमलेही असते. पण मधल्या तीन दिवसांत अण्णांनी नव्वद फायली हाताने दुरुस्त केल्या होत्या आणि काही पत्रे नव्या नावाने नव्यानेच लिहिली गेली होती. माझ्या उलट नोंदीने ती सगळी बरोबर नावेही परत 'नगर' झाली. त्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी आदल्या रात्रीची प्रत हेड ऑफिसकडून परत आणली आणि पोर स्वतः येऊन बसला.

या वेळी मी त्याला उभ्या रेघेपाशी अडवले. म्हटले, "डावीकडचं तेवढं कर. उजवीकडे जायचं नाही."

त्याने ग्रेपला वजा ओ लावला. 'नगर'च्या आगेमागे चिकटलेली अक्षरे घेऊन अख्खे शब्द बाहेर काढले, सॉर्टने ओळीने लावले आणि युनिक वजा सीने कोणता शब्द किती वेळा आला ते मोजले. पडद्यावर यादी आली. मी पाहतच राहिलो. ही तर खतावणी! चौदाशे बारा फायलींतल्या सगळ्या नगरांची नावनिशीवार मांडणी, आणि शब्द किती? सदतीस. एका पानाची यादी. अण्णांनी लाल पेन्सिल घेतली आणि दहा मिनिटांत खुणा केल्या. 'नगरला', बदला. 'गणेशनगर', हात लावू नका. 'नगरकर'पाशी त्यांनी दोन रेघा मारल्या आणि बाजूला सही केली. मग पोराने बदलायच्या शब्दांची वेगळी फाईल केली, प्रतींवर सेड चालवला, जुन्या-नव्यातला फरक डिफने काढून दाखवला. मी मोजणी जुळवली. तीही शब्दांची. ग्रेपचा वजा सी शब्द मोजत नाही, ओळी मोजतो. म्हणजे पुडकी मोजली, नोटा मोजल्याच नाहीत. आधी जितके बदलायचे होते तितकेच बदलले, एक कमी नाही, एक जास्त नाही. टॅली! मग कुठे मूळ फोल्डरला हात लावला. सगळ्याला दीड तास लागला. तेवीस दिवसही नाहीत आणि दोन सेकंदही नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एक माणूस नोंद करतो, दुसरा तपासतो. याचा अर्थ दोघेही चोर आहेत असा नाही. दोघेही माणसे आहेत असा आहे. शोधणे हे एक काम आणि बदलणे हे दुसरे. एका ओळीत त्या दोघांच्या मध्ये ती जी उभी रेघ असते ना, तिच्या जागी एक माणूस बसवा. लाल पेन्सिल असलेला. बाकी सगळे यंत्राला करू द्या.

पुढच्या नोव्हेंबरात नगरकर आजोबा हयातीचा दाखला द्यायला आले. फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. "यंदा कुठलं लिहू?"

"तुमचंच लिहा," मी म्हणालो.

त्यांनी 'नगरकर' लिहिले. सावकाश, एकेक अक्षर तपासत.

परवा हेड ऑफिसचा पोर भेटला. फारच खुशीत होता. "काका, तुमची ती पद्धत एकदम भारी आहे. यादी, खुणा, प्रत, मोजणी... मी त्या सगळ्याची एक स्क्रिप्टच करून टाकली. आता तुम्हाला काही करायला नको."

"म्हणजे?"

"म्हणजे एका ओळीचं काम!"

मी चपला घातल्या.